जुना साइडबोर्ड : दर्शनी रूप आणि पाठीमागचें सत्य



जी वस्तु भिंतीला टेकून उभी असते तिची पाठ आपण सहसा पाहत नाहीं. भोजनगृहांतील साइडबोर्ड ही अशीच एक वस्तु आहे. लांबट, कमरेएवढ्या उंचीची, खालीं खण व कपाटें असलेली आणि वरच्या फळीवर फळांची परडी, चहाचीं भांडीं किंवा एखादें घड्याळ मिरविणारी ही वस्तु मुंबईच्या कित्येक जुन्या घरांतून अजून दिसते. घर बदलतांना, वाटणी होतांना किंवा जुन्या इमारतीच्या जागीं नवी उभी राहतांना ती आपल्या जागेवरून हलते, आणि त्या दिवशीं घरच्या माणसांपुढें प्रश्न पडतो : ही ठेवावी, विकावी, कीं घासूनपुसून नव्यासारखी करावी? उलट, हौसेनें जुनें सामान घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें दुसरा प्रश्न असतो : दुकानदार हिला दोनशें वर्षांची म्हणतो, तें खरें मानावें काय?

या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं मिळतें, आणि तें ठिकाण दर्शनी बाजूस नाहीं. साइडबोर्डाचें तोंड पाहून तो कोणत्या तऱ्हेचा आहे एवढें कळतें. त्याचें वय मात्र त्याच्या पाठीवर, तळाशीं आणि खणांच्या आंत लिहिलेलें असतें. तें कसें वाचावें, हें सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे. परंतु लेख वाचण्यापूर्वीं त्याची भाषा ठाऊक असावी लागते. म्हणून प्रथम या वस्तूची वंशावळ थोडक्यांत पाहूं.

‘साइड’ म्हणजे बाजू आणि ‘बोर्ड’ म्हणजे फळी. मध्ययुगीन इंग्लंडांत जेवणाचें मेज म्हणजे लांकडी घोड्यांवर टाकलेली एक लांब फळी असे. त्यामुळें ‘बोर्ड’ या शब्दालाच मेज असा अर्थ आला. मुख्य मेजाच्या बाजूला मांडलेलें मेज तो साइडबोर्ड. ‘कपबोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थहि दारें असलेलें कपाट असा नसून पेले मांडण्याची फळी असाच होता. आपल्याकडे स्वयंपाकघरांतल्या मांडणीवर घासून लखलखीत केलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं ओळीनें लावण्याची चाल होती. तींत घरच्या गृहिणीचा नेटकेपणा दिसे. युरोपांतील सरदारांच्या दालनांत अशाच पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर सोन्याचांदीचीं ताटें व सुरया मांडीत. पण तेथें नेटकेपणापेक्षां अधिकाराला महत्त्व असे. पंधराव्या शतकांत बर्गंडीच्या दरबारीं कोणाच्या मांडणीला किती पायऱ्या असाव्या, हें त्या व्यक्तीच्या दर्जावरून ठरत असे. ज्याचा मान मोठा, त्याच्या पायऱ्या अधिक. म्हणजे जेवणाच्या सोयीची वस्तु होण्यापूर्वीं ही प्रतिष्ठेची वस्तु होती, आणि हा दुहेरी स्वभाव तिनें पुढें कधींच सोडला नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील साइडबोर्ड म्हणजे केवळ एक भारी मेज होतें. टॉमस चिपेन्डेल या लंडनच्या प्रसिद्ध कारागिरानें १७५४ सालीं आपल्या नमुन्यांचें मोठें पुस्तक काढलें. त्यांत साइडबोर्ड-मेजांचीं चित्रें आहेत. पण त्यांना खण नाहींत कीं कपाटें नाहींत. खालीं कोरीव पाय आणि वर फळी, एवढेंच. पुढच्या दहापंधरा वर्षांत रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञानें या मेजाच्या दोन्ही अंगांस दोन स्वतंत्र चौथरे उभे करून त्यांवर एकेक लांकडी कलश ठेवण्याची पद्धति रूढ केली. यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउस या वाड्यासाठीं चिपेन्डेलनेंच १७७१ च्या सुमारास असा संपूर्ण संच तयार केला. त्यांत मेज, कलशांचे दोन चौथरे आणि मेजाखालीं ठेवावयाचें मद्य थंड करण्याचें भांडें हीं सर्व आहेत.

हे कलश व चौथरे केवळ शोभेचे नव्हते. कलशाच्या आंत धातूचें अस्तर लावून त्याला तोटी बसवीत आणि त्यांत पाणी सांठवीत. किंवा झांकण उचलून आंत सुऱ्या उभ्या ठेवण्याची सोय करीत. एका चौथऱ्याला आंतून पत्रा मारून त्यांत तापविलेली लोखंडी वस्तु ठेवण्याची योजना असे. कारण मोठ्या वाड्यांतून स्वयंपाकघर भोजनगृहापासून फार दूर असे आणि रिकामीं ताटें तेथेंच गरम ठेवणें भाग पडे. दुसऱ्या चौथऱ्यांत बाटल्या ठेवीत.

जेवणाच्या दालनांत एवढा सरंजाम कशासाठीं, याचें कारण ॲडमनें स्वतः १७७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलें आहे. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा कीं, फ्रेंच लोकांचें जेवण झालें म्हणजे ते त्या दालनांतून उठून जातात. परंतु इंग्रजांच्या येथें जेवणानंतर पुरुषमंडळी तेथेंच मद्याचे पेले घेऊन राजकारणाची चर्चा करीत तासन्‌तास बसतात. म्हणून त्यांचें भोजनगृह हेंच त्यांचें संभाषणगृह. ही बैठक किती लांबत असे, याची साक्ष फ्रान्स्वा द ला रोशफूको या तरुण फ्रेंच सरदारपुत्रानें १७८४ च्या आपल्या इंग्लंडच्या वृत्तान्तांत दिली आहे. साइडबोर्डाच्या कपाटांत मूत्रपात्रें ठेवलेलीं असून पुरुष दालन न सोडतां त्यांचा उपयोग करितात, हें पाहून तो चकित झाला. जुन्या साइडबोर्डाच्या एका टोकाला एखादें लहान, खोल, कारण न समजणारें कपाट आढळलें, तर त्याचें कारण बहुधा हें असतें.

आतां १७८८ हें साल ध्यानांत ठेवावें. हेपलव्हाइट या कारागिराच्या नमुन्यांचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं त्याच्या विधवा पत्नीनें या सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याच सालीं लंडनच्या सुतारांच्या दरपत्रकाच्या पुस्तकांत टॉमस शिअरर याचे नमुनेहि छापले गेले. या नमुन्यांत मेज आणि दोन चौथरे एकत्र जोडून एकच वस्तु बनलेली दिसते. वाड्यांतील वीस फूट भिंत ज्याला लाभली नव्हती अशा शहरी गृहस्थाच्या घरांत ती सुखानें मावे. आज आपण ज्याला साइडबोर्ड म्हणतों, त्याचा जन्म येथें झाला.

हेपलव्हाइटच्या पुस्तकांत त्याचें माप व अंतरंग दोन्ही नमूद आहेत. लांबी साधारणतः ५½ ते ७ फूट, उंची ३ फूट, रुंदी २८ ते ३२ इंच. उजवीकडच्या खोल खणांत ९ बाटल्यांसाठीं कप्पे. डावीकडच्या खणाचे दोन भाग : मागच्या भागाला चांदीच्या भांड्यांसाठीं हिरव्या कापडाचें अस्तर, आणि पुढच्या भागाला शिशाच्या पत्र्याचें, कारण त्यांत पाणी भरून जेवण चालूं असतांनाच पेले धूत असत आणि घाण पाणी तळाच्या बुचांतून सोडून देत. मधला लांब खण मेजावर अंथरावयाच्या कापडांसाठीं. म्हणजे ॲडमच्या कलशाचें, चौथऱ्याचें आणि भांड्याचें सारें काम आतां तीन खणांत आलें. फळीच्या मागच्या कडेला पुष्कळदां पितळेची नळी बसवून तिला पडदा लावीत, म्हणजे भिंतीवर शिंतोडे उडत नसत.

टॉमस शेरेटन याचें पुस्तक १७९१ पासून १७९४ पर्यंत भागशः निघालें. हेपलव्हाइटच्या साइडबोर्डाचे कोपरे आंत वळलेले आणि शेरेटनचे बाहेर फुगलेले, पहिल्याचे पाय चौकोनी व खालीं निमुळते होत गेलेले आणि दुसऱ्याचे कातलेले गोल, असें ढोबळ लक्षण सांगण्याचा प्रघात आहे. तें घराण्याचें लक्षण म्हणून स्वीकारावें; जन्मदाखला म्हणून नव्हे. या पुस्तकांवरून गांवोगांवचे सुतार काम करीत, त्यामुळें ‘हेपलव्हाइटचा साइडबोर्ड’ याचा अर्थ त्याच्या हातचा असा नसून त्याच्या तऱ्हेचा असा असतो.

एकोणिसाव्या शतकांत घरें वाढलीं, पैसा वाढला, आणि साइडबोर्डहि वाढला. नाजूक पाय गेले. दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत पोंचणारीं कपाटें आलीं. पाठीवर प्रथम कोरीव फळी आणि मग भिंतभर आरसा चढला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत वॉरिकच्या कुक्स यांच्या कारखान्यानें एक प्रचंड ओकचा साइडबोर्ड मांडला होता. त्यावर राणी एलिझाबेथनें १५७५ सालीं केनिलवर्थच्या किल्ल्यास दिलेल्या भेटीचे प्रसंग कोरलेले होते. त्यावर भांडें ठेवावयाचें कोणास धैर्य झालें असतें, असें वाटतें. बर्गंडीच्या दरबारांतील प्रतिष्ठेची मांडणी अशा प्रकारें पुन्हां अवतरली. या अतिरेकाला उत्तर म्हणून ई. डब्ल्यू. गॉडविन या वास्तुशिल्पज्ञानें १८६७ सालीं जपानी वस्तूंपासून स्फूर्ति घेऊन काळ्या रंगाच्या महॉगनीचा, कोरीव कामाचा लवलेश नसलेला, केवळ उभ्याआडव्या रेषांच्या तोलावर उभा असा साइडबोर्ड योजिला. त्याचा एक नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे, आणि तो अलीकडचा असावा असें प्रथमदर्शनीं वाटतें.

विसाव्या शतकांत दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्यें आर्ने व्होडर, हान्स वेग्नर यांसारख्या कलावंतांनीं लांब, बुटके, सरकत्या दारांचे सागवानी साइडबोर्ड योजिले. इंग्लंडांत हाय विकम या गांवच्या गॉम यांच्या कारखान्यानें १९५३ मध्यें ‘जी-प्लॅन’ या नांवानें घरगुती सामानाची माळ बाजारांत आणली, आणि सामान्य कुटुंबालाहि एकेक वस्तु सवडीनें घेणें शक्य झालें. आज ‘व्हिंटेज’ साइडबोर्ड म्हणून ज्यांची चलती आहे, ते बहुधा या पिढीचे.

येथें दोन शब्दांचा निवाडा केला पाहिजे. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा; अमुक सालच्या द्राक्षांचें मद्य, या अर्थावरून तो जुन्या पण फार जुन्या नसलेल्या वस्तूंना लागला. त्याला कायद्याची व्याख्या नाहीं. ‘अँटिक’ शब्दाची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यानें १८३० पूर्वींच्या वस्तूंस अँटिक मानून जकात माफ केली होती. १९६६ सालीं ती मर्यादा शंभर वर्षांची झाली. आपल्या देशांतील १९७२ च्या पुरावस्तु कायद्यांतहि कलाकुसरीच्या वस्तूंसाठीं शंभर वर्षें हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. या हिशेबानें पाहतां एक अडचण उभी राहते. १८८० ते १९१० च्या सुमारास इंग्लंडांत हेपलव्हाइट व शेरेटन यांच्या तऱ्हेची पुन्हां टूम निघाली आणि त्या नमुन्यांचे हजारों साइडबोर्ड तयार झाले. तेहि आतां शंभरी ओलांडून अँटिक झाले आहेत. पण ते १७९० चे नव्हेत. तोंडें दोघांचीं सारखींच. तेव्हां निवाडा पाठीवरूनच व्हावयाचा.

तो करण्यास फारशीं हत्यारें लागत नाहींत. एक विजेरी, एक मोजपट्टी आणि दुकानदाराची परवानगी एवढीं पुरेत.

प्रथम एक खण संपूर्ण बाहेर काढावा. चांगल्या इंग्रजी कामांत खणाच्या बाजू व तळ ओकचे, तर सांगाडा साध्या देवदारी लांकडाचा असे. महॉगनी फक्त दिसेल तेथें. बाजू आणि दर्शनी फळी जोडणारे दांत पाहावे. टोंकाकडे रुंद होत गेलेले दांत एकमेकांत अडकवून हा सांधा करितात. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. हातानें कापलेल्या दांतांत थोडा असमानपणा असतो, आणि दांत कोठवर कापावयाचे हें ठरविण्यासाठीं सुतारानें ओढलेली बारीक रेघहि पुष्कळदां शिल्लक असते. यंत्रानें कापलेले दांत शिपायांच्या पलटणीसारखे एकाच मापाचे असतात. मग खणाच्या बाजूंची खालची कड पाहावी. शेंदीडशें वर्षें खण आंतबाहेर सरकला असेल तर ती कड झिजून मागच्या बाजूस अधिक खचलेली दिसते, आणि ज्या पट्टीवर ती सरकते त्या पट्टीवरहि तिच्या जोडीची खांच पडलेली असते. झीज एकीकडे असेल आणि तिला जुळणारी झीज दुसरीकडे नसेल, तर दोहोंपैकीं एक भाग मागून आलेला आहे.

दुसरें, पाठीमागची फळी. ती रंगविलेली व गुळगुळीत नसते. भिंतीकडे जाणाऱ्या भागावर जुना सुतार श्रम खर्च करीत नसे. हातकरवतीच्या खुणा सरळ पण किंचित वेड्यावांकड्या अंतरांवर असतात. गोल यांत्रिक करवतीच्या खुणा धनुष्यासारख्या वळलेल्या असतात, आणि तशा खुणा म्हणजे एकोणिसाव्या शतकाची किंवा नंतरची गोष्ट. पाठीला प्लायवुड असेल तर तें विसाव्या शतकाचें. मात्र या नियमाला एक अपवाद सांगतों. डेन्मार्कच्या त्या व्हिंटेज साइडबोर्डांपैकीं पुष्कळांची पाठ मुद्दाम तोंडाइतकीच नेटकी केलेली असते. कारण मोकळ्या मोठ्या खोलींत आडोसा म्हणून ते मधोमध उभे करतां यावे, असा त्यांच्या कर्त्यांचा विचार होता.

तिसरें, मळसूत्री खिळे, म्हणजे स्क्रू. जुने स्क्रू हातानें घडविलेले. त्यांच्या माथ्यावरील खांच नेमकी मध्यभागीं नसते आणि टोंक बोथट असतें. टोंकदार यांत्रिक स्क्रू १८५० च्या सुमारापासून प्रचारांत आला. एखाददुसरा नवा स्क्रू म्हणजे दुरुस्ती. सगळेच नवे असतील तर विचार करावा.

चौथें, व्हिनियर. सांगाड्यावर सरसानें चिकटविलेला मौल्यवान लांकडाचा पातळ पत्रा तो व्हिनियर. अठराव्या शतकांत तो हातकरवतीनें कापीत, म्हणून एक-दोन मिलिमीटर जाड व थोडा असमान असे. पुढें यंत्रांमुळें तो पातळ होत गेला. मार्क ब्रूनेल यानें १८०६ मध्यें त्यासाठीं करवतीचें पेटंट घेतलें होतें. खणाच्या कडेला किंवा एखाद्या तुटक्या कोपऱ्याला त्याची जाडी सहज दिसते. कागदासारखा पातळ पत्रा आणि १७९० हें साल यांचा मेळ बसत नाहीं.

पांचवें, लांकडाचें आकुंचन. लांकूड रेषांच्या दिशेनें जवळजवळ आंखडत नाहीं, परंतु रेषांच्या आडवें आंखडतें. म्हणून दोनशें वर्षांपूर्वीं कातलेला गोल पाय दोन दिशांनीं मोजला तर त्याचा व्यास किंचित वेगळा भरतो. बनावट करणारा डाग पाडतो, ओरखडे काढतो. पण हें आकुंचन त्याला सहजासहजीं आणतां येत नाहीं.

किड्यांच्या भोंकांविषयींहि एक शब्द. भोंकें म्हणजे जुनेपण, असा समज आहे. तो खरा नाहीं. किडा लांकडाच्या आंत वेडेवांकडे बोगदे करितो आणि बाहेर पडतांना फक्त एक लहान गोल छिद्र पाडतो. पृष्ठभागावर छिद्रांऐवजीं उघडे पडलेले बोगदेच दिसले, तर त्याचा अर्थ किडा खाऊन गेल्यावर तें लांकूड कापलें गेलें. म्हणजे जुन्या लांकडाची नवी वस्तु केली गेली. छिद्रांतून ताजी पांढुरकी पूड गळत असेल तर किडा अजून घरांत आहे, आणि तो शेजारच्या कपाटाकडेहि वळेल.

आतां फसवणुकीच्या दोन मुख्य रीति. सात फुटांचा साइडबोर्ड आजच्या खोलींत मावत नाहीं, म्हणून लहानाला अधिक गिऱ्हाईक मिळतें. यास्तव मोठा कापून लहान करण्यांत येतो. अशा वेळीं खणाच्या मुठी नेमक्या मध्यावर राहत नाहींत, जडावाची नक्षी एका बाजूस अचानक तुटते, आणि खणाच्या एका कोपऱ्याचे दांत बाकीच्यांपेक्षां ताजे दिसतात. दुसरी रीत म्हणजे दोन निरनिराळ्या मोडक्या वस्तूंचा विवाह लावणें. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चांगल्या साइडबोर्डाचा पुढचा पाय वर सांगाड्यांत अखंड चढत गेलेला असतो. पाय जर सांगाड्याच्या तळाशीं येऊन थांबत असेल आणि तेथें जोड दिसत असेल, तर तो पाय दुसऱ्या घरचा. उलट, कांहीं खुणा समाधान देणाऱ्या असतात. फळीच्या मागच्या कडेला बुजविलेलीं भोंकें असलीं तर ती पितळी नळीची जागा. खोल खणांत खिळ्यांच्या बारीक छिद्रांची ओळ दिसली तर ती शिशाच्या पत्र्याची. लँकेस्टरच्या गिलोज या कारखान्याचें नांव खणाच्या दर्शनी फळीच्या वरच्या कडेवर उमटविलेलें आढळतें. खण बाहेर काढल्यावांचून तें दिसतच नाहीं.

या साऱ्या खुणांचा आपल्या घराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आपल्याकडे पूर्वीं पाटावर बसून जेवण्याची चाल. त्यांत साइडबोर्डाला स्थान नव्हतें. जेवणाच्या मेजाबरोबर तो आला. प्रथम युरोपियन अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत, मग पारशी, ख्रिस्ती व इतर सधन कुटुंबांत, आणि गोव्यांतील जुन्या मोठ्या घरांच्या भोजनदालनांत तो स्थिरावला. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं शिसवी लांकडांत दाट कोरीव कामाचें सामान करून नांव मिळविलें. त्याला परदेशींहि मागणी होती. सागवानी किंवा शिसवी देशी साइडबोर्डाला ओकचे खण व महॉगनीचा पत्रा हीं लक्षणें लागू पडणार नाहींत; परंतु सांध्यांचे दांत, झीज, करवतीच्या खुणा आणि स्क्रू हीं येथेंहि तितकीच खरी साक्ष देतात.

आणखी एक नातें आहे. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें थरावर थर चढविणें म्हणजे फ्रेंच पॉलिश. ही पद्धति इंग्लंडांत १८२० च्या सुमारास पसरली. आणि ती लाख म्हणजे आपल्या पळस, कुसुंब, बोर या झाडांवर जगणाऱ्या किड्याची निर्मिति. म्हणजे विलायती साइडबोर्डाच्या चकाकींत हिंदुस्थानच्या रानांचा वांटा आहे. हा थर स्पिरिटानें मऊ पडतो, गरम भांड्यानें पांढरा होतो आणि पाण्यानें डागाळतो. पण त्याचमुळें जाणत्या कारागिराला तो खरवडल्यावांचून दुरुस्तहि करतां येतो.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, जुन्या साइडबोर्डाचा खरा शत्रु उपेक्षेपेक्षां उत्साह हा आहे. घर सजवितांना आपण सुताराला बोलावितों. तो काचकागदानें सगळा पृष्ठभाग उजळून काढतो, वर चकचकीत रसायनाचा थर देतो, जुन्या मुठी काढून नव्या बसवितो आणि पाठीची किडकी फळी काढून प्लायवुड ठोकतो. वस्तु नवी दिसते, घरचे लोक संतुष्ट होतात. आणि पन्नास किंवा दीडशें वर्षांत जमलेला रंग, झीज व साक्ष एका दुपारीं भुशाबरोबर केरांत जाते. व्हिनियर पातळ असेल तर काचकागद त्यांतून आरपार जातो, आणि मग त्यास उपायच नसतो.

गेल्या पंचवीसएक वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत महॉगनीच्या व ओकच्या अवजड जुन्या सामानाचे भाव बरेच उतरले आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यांतील सुबक सागवानी सामानाचे चढले आहेत. भाव हे असे वरखालीं होत असतात. परंतु भाव उतरलेल्या काळांतच वस्तु निष्काळजीपणें कापल्या व रंगविल्या जातात. म्हणून विकावयाचा असला तरी आहे त्या स्थितींत, दोन जाणत्यांस दाखवून विकावा. मुलें परदेशीं आहेत म्हणून तिकडे पाठवावयाचा असेल, तर शंभर वर्षांवरील पुरावस्तु खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं, हा १९७२ चा कायदा ध्यानांत ठेवावा. आणि शिसवाची जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादींत असल्यामुळें शिसवी वस्तु नवी असली तरी आधीं नियम पाहून घ्यावे.

ठेवावयाचा असेल तर काळजी थोडीच लागते. पावसाळ्यांत भिंतीला ओल येते, म्हणून भिंत व पाठ यांत दोनतीन बोटें अंतर ठेवावें. ओल्या फडक्यानें पुसूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसून वर्षांतून एकदोनदां मधमाशीच्या मेणाचा अगदीं पातळ हात द्यावा. थंड हवेच्या यंत्राचा झोत त्यावर थेट येऊं देऊं नये. हलवितांना खण काढून त्यांवर खडूनें क्रमांक घालावे, आणि सांगाड्याला खालून धरून उचलावा. ओढल्यास बारीक पायांचे सांधे निखळतात.

आणि शेवटीं एक काम, ज्याला कारागीर लागत नाहीं. हा साइडबोर्ड घरांत कोणीं, कोठून, कोणत्या सालीं आणला, मागें कोणती दुरुस्ती झाली, हें घरांतल्या वडील माणसांना विचारून एका कागदावर तारीख घालून लिहावें. जुनी पावती किंवा ज्यांत तो साइडबोर्ड दिसतो असें एखादें छायाचित्र असेल तर तेंहि बरोबर ठेवावें. लांकडावरच्या खुणा त्याचें वय सांगतील. पण तो कोणाच्या जेवणाच्या मेजाशेजारीं उभा होता, हें लांकूड सांगूं शकत नाहीं. कागद फळीला चिकटवूं नये. पाकिटांत घालून मधल्या खणांत ठेवावा.